मागे बसणाऱ्यांचा विचार : फिरत्या वाहनांचे पाटे, भार आणि प्रवाससुख

(भंडारा येथे पंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय वाहनांचा कारभार पाहणारे अधिकारी यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण)



माहिती अधिकाऱ्याने गाडीच्या पाट्यांवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मी कला शाखेचा पदवीधर. यंत्रशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु शासनाची सेवा गावापर्यंत कशी पोचते हे पाहणे माझ्या कामाचा भाग आहे, आणि आज पुष्कळशा सेवा चाकांवरून गावात येतात. फिरता दवाखाना येतो, रुग्णवाहिका येते, फिरते ग्रंथालय येते, प्रदर्शनाचा रथ येतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केल्यापासून, ज्यात झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानाची सोय आहे अशा फिरत्या घरांचाही विचार आपल्याकडे होऊ लागला आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याचे किंवा कोक्याचे अरण्य पाहावयास येणारा पाहुणा उद्या अशा घरातून येईल.

या सर्व वाहनांत एक साम्य आहे. मालवाहू गाडीच्या किंवा बसच्या सांगाड्यावर, म्हणजे चासीवर, एक खोली बांधलेली असते आणि त्या खोलीत माणसे असतात. चालक पुढे बसतो. परंतु ज्यांच्यासाठी ते वाहन आहे ती माणसे मागे असतात. एस.टी.च्या अगदी मागल्या बाकावर बसून ज्याने साकोली ते लाखांदूर असा प्रवास केला आहे, त्याला पुढचे आणि मागचे यांतील अंतर सांगावयास नको. तेथे हातपाय धड असलेला माणूस बसतो. रुग्णवाहिकेत मात्र त्याच जागी बाळंतपणासाठी निघालेली स्त्री निजलेली असते, आणि चालत्या गाडीत परिचारिकेला तिची नाडी पाहावयाची असते. म्हणून मागच्या भागाचे स्वास्थ्य ही चैनीची बाब नाही. ती सेवेच्या गुणवत्तेची बाब आहे, एवढे प्रारंभीच सांगून ठेवतो.

बंडी, दमणी आणि तणस

हा विचार आपल्या पूर्वजांना नवा नव्हता. धान वाहून नेणारी बंडी वेगळी आणि माणसे नेणारी दमणी किंवा रेंगी वेगळी, हा भेद आपल्या भागात फार जुना आहे. लेकुरवाळी सून माहेरी निघाली की गाडीत तणसाचा जाड थर अंथरला जाई आणि त्यावर गोधडी घातली जाई. तणस दोन कामे करीत असे. ते दबून धक्का झेली. आणि दबल्यावर ते रबराच्या चेंडूसारखे उसळी घेत नसे, म्हणून माणूस वरखाली हेलकावत राहत नसे. पुढे बंडीच्या लाकडी चाकांच्या जागी हवेची रबरी चाके आली आणि तिसरी सोय झाली. वाटेवरील लहान खडा चाकातच जिरू लागला.

मोटारगाडीत हीच तीन कामे तीन निरनिराळे भाग करतात. धक्का झेलतो तो पाटा. उसळी शमवतो तो शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ज्याला आपले चालक सुटसुटीतपणे ‘शॉकअप’ म्हणतात. लहानसहान खडबडीतपणा गिळतो तो टायर. मागच्या भागाविषयी तक्रार आली की या तिघांपैकी कोणाचे काम बिघडले आहे, हे आधी ओळखावयास हवे. सर्वच तक्रारींवर एकच औषध चालत नाही.

पाटा किती दबतो, यावर सारे अवलंबून

शिक्षकबंधूंना वर्गात सहज करता येईल असा एक प्रयोग सांगतो. पोलादी पट्टी टेबलाच्या कडेला घट्ट दाबून धरावी, तिच्या मोकळ्या टोकाला लहान वजन बांधावे आणि टोक हलकेच दाबून सोडावे. वजन मंद गतीने वरखाली होईल. वजन कमी केले की तीच पट्टी भराभर थरथरू लागेल. पाट्याचेही असेच आहे. भाराने तो जितका जास्त दबतो, तितकी त्याची वरखाली होण्याची गती मंद असते.

याचे गणितही अवघड नाही. भाराखाली पाटा १० सेंटिमीटर दबत असेल, तर गाडीचा तो भाग सेकंदाला सुमारे १.६ वेळा वरखाली होतो. तोच पाटा फक्त ४ सेंटिमीटर दबत असेल, तर ही संख्या २.५ होते, आणि २५ सेंटिमीटर दबला तर ती सुमारे १ वर येते. माणूस चालताना सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो. त्यामुळे त्या सुमाराच्या किंवा त्याहून मंद हालचालीची शरीराला सवय असते. याउलट सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारे उभे कंपन बसलेल्या माणसाला सर्वांत अधिक त्रास देते. शरीरावर होणाऱ्या कंपनांच्या मोजणीविषयीच्या आयएसओ २६३१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा हाच आधार आहे. पाटा जितका कडक, तितके रस्त्याचे हे त्रासदायक कंपन वरपर्यंत अधिक पोचते.

आता आपल्या वाहनांची अडचण ध्यानात येईल. मालवाहू चासीचे पाटे पूर्ण भार वाहण्याच्या हिशेबाने बनविलेले असतात. पूर्ण भाराखाली १० सेंटिमीटर दबणाऱ्या पाट्यावर चौथाई भारच पडला, तर तो अडीच सेंटिमीटरच दबतो आणि त्याची गती दुप्पट होते. थोडी कपाटे आणि चार माणसे एवढाच भार असलेले वाहन म्हणूनच धडधडत धावते. भार तोलण्यास पाटा आहे, पण दबण्याइतका भार नाही, अशी त्याची अवस्था असते.

त्रास एक, कारणे दोन

परंतु याच्या अगदी उलट कारणानेही नेमका तसाच त्रास होतो, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा मुख्य मुद्दा हाच आहे. फिरत्या घरात किंवा सुसज्ज दवाखान्यात पाण्याची टाकी, जनित्र, विद्युत्घट, खाटा, कपाटे, शीतपेटी असे सामान कायमचे बसविलेले असते. मालवाहू गाडी माल उतरवून हलकी होते. हे वाहन रात्रंदिवस भारलेलेच राहते. वर्षानुवर्षे असा भार सोसून पाटे बसतात. मग एक्सल आणि सांगाडा यांच्यामध्ये असलेला रबरी ठोकळा आणि त्याखालचा भाग यांत फारसे अंतर उरत नाही. प्रत्येक खड्ड्यात तेथे आदळ बसते. मागे निजलेल्या माणसाला ती आदळ पाट्याच्या कडकपणासारखीच वाटते. प्रत्यक्षात मात्र पाटा तेथे अपुरा पडलेला असतो.

पहिल्या वाहनाला एक पाटा वाढविला तर त्रास वाढेल. दुसऱ्या वाहनाचा एक पाटा कमी केला तरी त्रास वाढेल. आपल्याकडे मात्र तक्रार आली की “पाटा टाकून घ्या” असा सरसकट सल्ला मिळतो आणि दुरुस्तीच्या देयकावर सही होते. ही सही करण्यापूर्वी अधिकाऱ्याने दोनच प्रश्न विचारावेत. मागील एक्सलवर प्रत्यक्ष भार किती आहे? आणि सपाट जागेवर, नेहमीच्या भारासह, रबरी ठोकळ्याखाली डाव्या व उजव्या बाजूस किती अंतर उरते?

दोन्ही उत्तरांना फारसा खर्च नाही. आपला जिल्हा धानाचा आहे. भातगिरण्या आणि बाजार समित्या यांमुळे वजनकाटा बहुधा जवळपास असतोच. प्रथम संपूर्ण वाहन, नंतर केवळ पुढील चाके आणि शेवटी केवळ मागील चाके काट्यावर घ्यावीत. अंतर मोजण्यास साधी फूटपट्टी पुरते. डाव्या व उजव्या बाजूंत लक्षात येण्याजोगा फरक आढळला, तर भार एका अंगाला झाला आहे किंवा एका बाजूचा पाटा थकला आहे असे समजावे. मग चासीच्या निर्मात्याने दिलेल्या आकड्यांशी तुलना करून निर्णय घ्यावा.

चाकामागे लोंबणारा भार

मागील एक्सलच्या पाठीमागे वाहनाचा जो भाग पुढे आलेला असतो, त्याचा परिणाम अनेकांच्या लक्षात येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार हा भाग पुढील व मागील चाकांमधील अंतराच्या ६० टक्क्यांहून अधिक असता कामा नये. परंतु नियमाच्या आत राहूनही त्रास होऊ शकतो.

समजा, पुढील आणि मागील चाकांत ३.६ मीटर अंतर आहे आणि २०० लिटर पाण्याची टाकी मागील एक्सलच्या १.८ मीटर मागे बसविली आहे. टाकीतील पाण्याचे वजन २०० किलो. परंतु तराजूच्या न्यायाने मागील एक्सलवर ३०० किलो भार वाढतो आणि पुढील एक्सलवरचा १०० किलो भार उचलला जातो. मागचे पाटे अधिक दबतात आणि पुढील चाकांची जमिनीवरील पकड कमी होते. हीच टाकी दोन्ही एक्सलच्या बरोबर मध्ये बसविली, तर प्रत्येकावर १०० किलो येतात. एक पैशाचाही नवा भाग न घालता मागील एक्सलचा २०० किलो भार हलका होतो.

माणसांच्या बाबतीतही हाच न्याय लागू आहे. मागचे चाक उंचवट्यावर चढून एक्सलवरील भाग ४ सेंटिमीटर उचलला गेला, तर १.८ मीटर मागे असलेली खाट सुमारे ६ सेंटिमीटर उचलली जाते. तीच खाट दोन्ही एक्सलच्या मध्ये असेल, तर ती केवळ २ सेंटिमीटर उचलली जाईल. म्हणून वाहनाचा आराखडा मंजूर करताना रुग्णाची खाट आणि परिचारिकेची बैठक शक्य तेवढी पुढे, आणि हलक्या वस्तूंची कपाटे मागे, असा क्रम धरावा. एकदा भिंती उभ्या राहिल्या की हा बदल महाग पडतो.

उपायांचा क्रम

उपाय करताना स्वस्त उपाय आधी आणि महाग उपाय शेवटी, हा गृहिणीचा नियम येथेही उपयोगी पडतो.

पहिला उपाय हवेचा. टायरमधील दाब प्रत्यक्ष भाराशी जुळणारा असावा. त्यासाठी टायरच्या निर्मात्याचे कोष्टक असते. दाब गाडी धावण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावा. ज्यादा हवेने टायर दगडासारखा होतो. परंतु आराम मिळावा म्हणून कोष्टकापेक्षा हवा कमी करणे घातक आहे. टायर तापतो आणि फुटतो. मागे दुहेरी चाके असतील तर आतल्या चाकाकडेही तितकेच लक्ष द्यावे. ते नजरेआड असल्याने बहुधा उपेक्षित राहते.

दुसरा उपाय स्वच्छतेचा. पाट्यांच्या थरांमध्ये आपल्या कन्हार जमिनीचा चिखल जाऊन बसतो, वाळतो आणि गंज धरतो. गंजलेले थर एकमेकांवर सरकत नाहीत. लहान धक्क्यांना पाटे जणू एकसंध लोखंड होतात. पावसाळा संपताच पाटे धुऊन, तपासून, आवश्यक तर सोडवून साफ करावेत. तुटलेला थर, झिजलेला बुश, अडकलेला शॅकल, सैल यू-बोल्ट यांची पाहणी त्याच वेळी व्हावी. रबरी बुशांवर मात्र इंजिनचे तेल सोडू नये. खनिज तेल रबराला मारक असते.

तिसरा उपाय शॉकअपचा. अनेक मालवाहू चासींना मागे शॉकअप नसतातच. पाट्यांच्या आपसातील घर्षणावर भागविले जाते. अशा वाहनाचे पाटे साफ करून वंगण दिले की धक्का कमी होतो, पण हेलकावे वाढतात. तेथे निर्मात्याच्या शिफारशीनुसार शॉकअप बसविणे हा खरा उपाय होय. ज्यांना शॉकअप आहेत, त्यांतून तेल गळते का ते पाहावे. खडबडीत वाटेवरून आल्यावर चालू स्थितीतील शॉकअप कोमट लागतो. एक कोमट आणि दुसरा थंड असेल तर थंड असलेल्याची तपासणी करून घ्यावी. शॉकअप भार उचलत नाही, हेही लक्षात असू द्यावे. बसलेल्या पाट्यांवर तो उतारा नाही.

चौथा उपाय भार हलविण्याचा आणि अनावश्यक भार उतरविण्याचा. वर्षभर न वापरलेली वस्तू गाडीतून रोज फिरविण्यात शहाणपण नाही.

हे चारही झाल्यावर मगच पाटे बदलण्याचा विचार करावा. कमी थरांचे, टोकांकडे निमुळते होत जाणारे पॅराबोलिक पाटे आपसात कमी घासतात, म्हणून ते अधिक मऊ वाटतात. ज्या वाहनात कायम भार आहे आणि ठोकळ्याखाली अंतर उरत नाही, तेथे हवेचे साहाय्यक फुगे काही भार स्वतःवर घेऊन अंतर परत मिळवून देतात. मात्र ते मूळ पाट्याला मऊ करीत नाहीत. संपूर्ण हवेवरील व्यवस्था सर्वांत सुखकर; कारण भार बदलला तरी ती हवेचा दाब बदलून उंची कायम राखते. परंतु तिला संपीडित हवा लागते, आणि नळी गळली तर गाडी एका अंगाला कलते. तुमसरच्या पलीकडे, बावनथडीच्या खोऱ्यात वाहन बंद पडले तर दुरुस्ती कोण करणार, याचे उत्तर खरेदीपूर्वी मिळवावे.

कोणताही बदल करताना मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ विसरू नये. निर्मात्याच्या मूळ तपशिलात मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही. पाटे वाढविल्याने वाहनाचे नोंदणीकृत वजनही वाढत नाही. परिवहन कार्यालयाशी विचारविनिमय करूनच पाऊल टाकावे.

खरेदीच्या कागदात प्रवासी दिसावा

मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ आणि रुग्णवाहिकांसाठी एआयएस-१२५ अशी वाहन उद्योग मानके आपल्या देशात आहेत. रुग्णवाहिकांचे तर चार प्रकार त्यात केलेले आहेत. निविदेत मानकाचा उल्लेख असतो; परंतु तेवढ्याने काम संपत नाही. वाहन ताब्यात घेण्यापूर्वी पूर्ण सामान आणि पाणी भरून त्याचे एक्सलवार वजन घ्यावे, आणि समितीच्या सदस्यांनी पुढे चालकाशेजारी न बसता मागील खाटेवर बसून गावरस्त्यावरून दहा किलोमीटर फिरून यावे. या दहा किलोमीटरांत जे कळते, ते जाडजूड अहवालात सापडत नाही. लाखनी तालुक्यात गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखाना आहे. अवजड वाहनांचे तंत्र या जिल्ह्याला परके नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना अशा वाहनांची मोजमापे घेण्याचे काम दिले, तर शिक्षण आणि सेवा दोन्ही साधतील.

रस्ता आपल्या हातात आहे

शेवटचा मुद्दा पंचायत सदस्यांसाठी. उत्तम पाटेही वाईट गतिरोधकापुढे हरतात. भारतीय रस्ते महासभेच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेत गोल माथ्याच्या गतिरोधकाचे माप दिले आहे. वाहनाच्या दिशेने रुंदी ३.७ मीटर, मध्यभागी उंची १० सेंटिमीटर आणि माथ्याच्या वळणाची त्रिज्या १७ मीटर. असा गतिरोधक ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडता यावा, ही अपेक्षा होती. २०१८ मध्ये या मार्गदर्शिकेची सुधारित आवृत्ती निघाली आहे. याउलट गावकऱ्यांनी एका रात्रीत सिमेंट ओतून उभारलेला बांध वीतभर रुंद आणि तितकाच उंच असतो. मुलांच्या सुरक्षिततेची तळमळ त्यामागे असते, हे मी जाणतो. तथापि त्याच बांधावरून आपल्याच गावची बाळंतीण रुग्णवाहिकेतून जाते. गतिरोधक अवश्य असावा. तो रस्त्याच्या यंत्रणेच्या परवानगीने, मापात, पांढरे पट्टे आणि सूचनाफलक यांसह असावा.

तसेच रोवणीच्या हंगामात ट्रॅक्टरची लोखंडी केजव्हील न काढता डांबरी रस्त्यावरून नेली जातात. त्यांनी पाडलेल्या खाचा पुढे वर्षभर फिरत्या दवाखान्याला भोगाव्या लागतात. ग्रामसभेने ठरविले तर हे थांबू शकते. त्यासाठी निधीची आवश्यकता नाही.

मित्रहो, सांगावयाचे ते थोडक्यात पुन्हा सांगतो. आधी वजन करा, मग अंतर मोजा, मग हवा, स्वच्छता आणि शॉकअप पाहा, भार पुढे आणा, आणि त्यानंतरच पाट्याला हात घाला. प्रत्येक शासकीय फिरत्या वाहनाच्या नोंदवहीत एक पान मागील एक्सलच्या भारासाठी, टायरच्या दाबासाठी आणि ठोकळ्याखालील अंतरासाठी राखून ठेवावे आणि दर तीन महिन्यांनी ते भरावे, अशी माझी आपणां सर्वांना विनंती आहे. वाहनाच्या दर्शनी भागावर योजनेचे नाव मोठ्या अक्षरांत रंगविलेले असते. त्या योजनेची खरी कसोटी मात्र मागच्या दाराआड, खाटेवर निजलेल्या माणसापाशी लागते.